सासूबाईंचे कान आणि नवा कॉम्प्युटर

तीर्थरूप दादा,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकून, उरलेला भेटीत). तुझा गुडघा कसा आहे, वहिनीची शुगर कशी आहे आणि जिन्यातला तो दिवा शेवटी कोणी बदलला, हे सविस्तर कळव. आम्ही इथे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पत्राला पाच महिने उशीर झाला, कारण आमच्या घरी नवा कॉम्प्युटर आला. पन्नाशी उलटलेल्या बाईनं, जिला टीव्हीचा रिमोट अजून दोन्ही हातांनी धरावा लागतो, खेळ खेळायचा कॉम्प्युटर सुटे भाग निवडून जुळवून घ्यावा, ही बातमी तुझ्या गळी उतरायची नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुझ्या मेहुण्यांचा छापखाना बंद झाला ते तुला माहीतच आहे. सव्वीस वर्षं हे एकाच मशीनवर उभे होते. त्या मशीननं यांचा डावा कान निम्मा नेला आणि मालकानं बाकीचं नेलं. (मी बावीस वर्षं कानाच्या डॉक्टरांकडे लोकांचे कान तपासते, पण स्वतःच्या नवऱ्याला त्या खुर्चीत बसवणं मला जमलेलं नाही.) तेव्हापासून यांचं बोलणं आटलं. भांडण नाही, आदळआपट नाही. भाजी कुठली आणू विचारलं की "आण". डोकं दुखतंय का विचारलं तरी "आण". मग वरच्या मजल्यावरच्यांनी एक जुना कॉम्प्युटर टाकायला काढला, तो हे उचलून घेऊन आले आणि त्यावर एक खेळ सुरू केला. त्यात भलामोठा ट्रक चालवायचा असतो. माल भरायचा, घाट चढायचा, पलीकडच्या गावी माल उतरवायचा, की झालं. कोणी कोणाला मारत नाही, कोणी जिंकतही नाही. ठिकठिकाणचे पाच जण आपापल्या घरी बसून एकामागोमाग एक ट्रक चालवतात आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. यांना मी भिंतीपलीकडून बोलताना ऐकलं, तेव्हा माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "पुढं वळण आहे भाऊ, सांभाळून," असं हे कोणा परक्याला म्हणत होते. मला कोणी वर्षभरात सांभाळून म्हटलं नव्हतं.

अडचण एवढीच होती, की टेबल मावेल अशी जागा फक्त सासूबाईंच्या खोलीत होती. सासूबाई एक्क्याऐंशीच्या. गुडघे गेले, दात गेले, चष्म्याचा नंबर चढत चालला, पण कान असे, की दोन घरं सोडून कोणी गॅस बंद करायला विसरलं तरी त्यांना कळतं. (तपासलेत मी. मशीन बिघडलं असेल म्हणून दोनदा तपासले.) आणि त्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा म्हणजे गिरणीच. त्या म्हणायच्या, "तो डबा धापा टाकतोय, त्याला कोणाला तरी दाखवा." हे मग खेळ अर्ध्यावर सोडून उठायचे. एक दिवस त्या डब्यानं खरंच शेवटची धाप टाकली. जळका वास आला आणि घर शांत झालं. दादा, शांतता मोजणं हे माझं काम आहे. दवाखान्यातल्या त्या बंद खोलीत मी रोज बसते. पण त्या आठवड्यात घरी जी शांतता होती तिच्यात मला जेवण जाईना. तेव्हा मी ठरवलं, की यांना नवा कॉम्प्युटर आणायचा, आणि तो असा, की सासूबाईंनाही ऐकू येऊ नये.

दुकानदाराला मी मनातल्या मनात "अंदाजे" म्हणते, कारण तो प्रत्येक वाक्यात तो शब्द घालतो. दुकान एवढंसं, भिंतीला छतापर्यंत खोकी. मी बजेट सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे डॉक्टर दोन्ही कान गेलेल्या माणसाकडे पाहतात. मग बसून त्यानं मला शिकवलं, आणि मी दवाखान्याच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा पंखा सावकाश फिरतो, म्हणून गप्प असतो. (माणसांचंही तसंच असतं असं लिहिणार होते, पण आमचे डॉक्टर चांगले सहा फूट आहेत.) ट्रक चालवायला भारीतला प्रोसेसर लागत नाही, मधला पुरतो. कॅबिनेट काचेचं आणि रंगीबेरंगी दिव्यांचं नको, आतून जाड फोम लावलेलं साधं काळं हवं. पैसे वाचवायचे ते दिव्यांत. पॉवर सप्लायमध्ये वाचवले तर पुन्हा जळका वास. राहता राहिलं ग्राफिक्स कार्ड. नवं परवडेना. वापरलेलं एक होतं, काम नसलं की पंखे आपोआप थांबणारं. आवाज किती, विचारलं. "अंदाजे नाहीच," तो म्हणाला. आवडलं नाही तर आठ दिवसांत परत आणा, म्हणाला.

आता "अंदाजे नाहीच" हे सासूबाईंच्या कानांपुढे टिकणारं उत्तर नव्हे. म्हणून शनिवारी दुपारी, डॉक्टर एक वाजता घरी गेल्यावर, मी ते धूड दवाखान्यात नेलं आणि कान तपासायच्या बंद खोलीत मांडलं. जाड दार, भिंतींना कापूस, एक काचेची खिडकी. स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरचा पडदा उचलून आणला, वायरी जोडल्या, खेळ लावला आणि दार ओढून ऐकत बसले. पंखे खरोखर ऐकू येत नव्हते. पण एक बारीक शिट्टी येत होती. वर, अगदी वर, सुईसारखी. मला वाटलं माझेच कान वाजतायत.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. टायपिंग मास्तर आले होते. हे आमचे जुने पेशंट, टायपिंगचा क्लास चालवायचे. सहा वर्षं त्यांच्या कानात एक आवाज चालू आहे. दर तीन महिन्यांनी येतात, आणि दर तीन महिन्यांनी मी त्यांना सांगते, की मास्तर, बाहेर कसलाही आवाज नाही, तो तुमच्या आतला आहे, सवय होईल. त्या दिवशी चुकीच्या वेळी आले होते. मी परत पाठवणार, तोवर ते आत येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हाच," ते म्हणाले. "तुम्हाला येतोय?"

"येतोय," मी म्हटलं.

मास्तर खुर्चीत बसले. डोळे मिटून वीसेक मिनिटं बसून राहिले. मला वाटलं होतं त्यांना त्रास होईल. पण सहा वर्षं ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही तो माणूस साक्षीदार मिळाल्यासारखा बसला होता. उठताना त्यांनी एकच मागणं केलं: सोमवारी बायकोला घेऊन येतो, तिला ऐकवाल का. वास्तविक मी लगेच "अंदाजे"ला फोन केला होता आणि त्यानं शिट्टीवर इलाजही सांगितला होता. ती कार्डाच्या आतल्या तारांच्या वेटोळ्यांची शिट्टी. पडद्यावर सेकंदाला जी शेकडो चित्रं काढली जातात ती साठावर आणायची, की थांबते. दोन मिनिटांचं काम. पण मी ते सोमवारपर्यंत केलं नाही.

सोमवारी डॉक्टर यायच्या आधी दोघं आली. बाई खुर्चीत बसल्या, मास्तर शेजारी उभे. पाच मिनिटं त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "पुरे. बंद करा आता." मास्तर त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाले, "तेच तर मला करता येत नाही." बाई उठल्या. जाताना त्यांनी मास्तरांची पिशवी स्वतःच्या हातात घेतली, एवढं मी खिडकीतून पाहिलं. त्यानंतर दहाच मिनिटांत डॉक्टर आले, त्यांनी बंद खोलीतला कॉम्प्युटर पाहिला आणि हा दवाखाना आहे की गॅरेज, असं विचारून मला लेखी समज दिली. (बावीस वर्षांत पहिलीच. अक्षर मात्र नेहमीसारखंच, त्यामुळे नेमकी काय समज आहे ते अजून वाचता आलेलं नाही.)

चित्रं साठावर आणून तो घरी आणला. यांनी बटण दाबलं, कॅबिनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "चालू आहे का?" दादा, सात महिन्यांतला हा यांचा पहिला प्रश्न. सासूबाई डोळे मिटून पडल्या, कान टवकारले आणि म्हणाल्या, "येत नाही काही." मी त्या दिवशी शिरा करावा इतकी खूश होते. केला नाही, पण खूश होते.

इथवर सगळं चांगलं झालं, आणि मी इथेच थांबायला हवं होतं. पण पंख्याचा आवाज गेल्यामुळे आता यांचा आवाज ऐकू यायला लागला. पूर्वी गिरणीच्या घरघरीत शब्द अर्धेमुर्धे यायचे. आता संध्याकाळी स्वयंपाकघरात पोळी लाटताना मला एकेक अक्षर ऐकू येई. हे त्या चौघांना सांगत होते, की आज फार दमलो. वह्यांच्या कव्हरांचं चार रंगांचं काम होतं, पिवळी प्लेट सरकत होती, दोन तास गेले जुळवण्यात. नवा पोरगा शाई जास्त सोडतो. मालक तसा बरा आहे, पण सुट्टी देत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. लसूण सोलायला घेतला. चार पाकळ्या झाल्यावर विचारलं, "छापखाना उघडला का गं?"

"नाही, आई."

"मग तो वह्यांची कव्हरं कुठं छापतोय?"

मी पीठ मळत राहिले. त्यांनी सगळा गड्डा सोलला, आम्हाला चारच पाकळ्या हव्या होत्या.

पुढे एका संध्याकाळी हे बोलता बोलता मागे वळले आणि आई आपल्याकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. आवाज उतरला. दोन दिवस पुटपुटत खेळले. तिसऱ्या दिवशी हेडफोन लावलेच नाहीत. एकटेच ट्रक नेऊन आले. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर लावलाच नाही. मी इतक्या खटपटीनं जो बिनआवाजी केला तो आता शंभर टक्के बिनआवाजी झाला.

पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मला हल्ली कमी ऐकू येतं. तपासून घे." मी म्हटलं, आई, तुमचे कान ठणठणीत आहेत. त्या म्हणाल्या, "काय?" तीनदा सांगितलं, तीनदा "काय?" शेवटी नेलं. बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं: आवाज आला की दाबायचं. त्यांनी एकदाही दाबलं नाही. ट्रकचा भोंगा वाटावा इतका आवाज दिला, तरी खिडकीतून माझ्याकडे शांतपणे बघत बसल्या. सोंग करणारे आम्हाला ओळखता येतात, दादा. मी माइकमध्ये अगदी कुजबुजून म्हटलं, आई, तुमच्या चपला उलट्या पायांत आहेत. त्यांनी झटकन खाली पाहिलं. मग लक्षात आलं आणि छताकडे बघायला लागल्या. छताकडे बघतानाच म्हणाल्या, "लिही गं. पोरगं बोलेनासं झालंय."

मी लिहिलं. दोन्ही कान, बऱ्यापैकी गेलेले. बावीस वर्षांत खोटा रिपोर्ट लिहिला नव्हता. तो घरी टेबलावर ठेवला, यांनी वाचला, पुन्हा वाचला आणि आईच्या खोलीत जाऊन मोठ्यानं विचारलं, "आई, दुखतं का गं कान?" त्या म्हणाल्या, "हो, आमटी चांगली झाली होती."

आता रोज संध्याकाळी छापखाना चालू असतो. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून असतात आणि सगळं ऐकतात. परवा हे त्या लोकांना सांगत होते, की आईचे कान गेले बिचारीचे, तिला आम्ही काय बोलतो कळत नाही, पण चेहऱ्यावरून शांत वाटते. शेजारणीही आता त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलतात. मी विचारलं, आई, जड जातं का हो. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं वाटायचं या बायका मागून काय बोलत असतील. आता कळलं, त्यात काही दम नाही.

असं आमचं चाललंय. वहिनीला नमस्कार, मुलीला आशीर्वाद. प्रकृतीला जपून राहा.

तुझी धाकटी

ता. क. यांच्या पाचांतल्या एकाला दूरगावी काम लागलं आणि तो सुटला. बाकीचे म्हणतात, पाचवा मिळाला नाही तर गट मोडू. तुझ्या मुलीचा कॉम्प्युटर तिच्या लग्नापासून तुमच्याकडे नुसता झाकून ठेवलाय. ट्रक चालवणं सोपं आहे, मी चालवून पाहिला. दोनदाच नदीत गेले. वेगळं नाव घे आणि थोडं सर्दी झाल्यासारखं बोल. यांचा डावा कान निम्मा आहे, ओळखणार नाहीत. ओळखलं तरी दोघांनीही दाखवू नका.

ता. क. दुसरा. तुझं घड्याळांचं दुकान चैत्रापासून बंद आहे, हे वहिनीनं मला सांगितलंय. तू लिहिलं नाहीस म्हणून मीही विचारलं नाही. तिथे हे तुला विचारतील, आज काय केलंस. आज किती घड्याळं दुरुस्त केलीस ते सांग. तिथे कोणी तपासायला येत नाही.