सात भोकांचा मासा

बाबा, कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं जुनं कपाट आज रिकामं केलं आणि ती बरणी हाती आली. वर छापील चिठ्ठी आहे, लँप्रे. तिच्या खालून जुनी चिठ्ठी डोकावते. तिच्यावर ‘वाम’ लिहिलंय, माझ्या अक्षरात.

तुम्ही इथेच परिचर होता आणि मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. प्रात्यक्षिक परीक्षेआधी तुम्ही सगळ्या बरण्यांमधलं फॉर्मलीन बदललंत. हातमोजे तुम्हाला कधी मिळालेच नाहीत. बोटांची सालं निघालेली, त्या हातांनी कालवणात भाकर मोडताना तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. जुन्या चिठ्ठ्या कुजून गळून पडल्या होत्या. सर म्हणाले, नव्या लावून ठेवा. तुमचं अक्षर बरं नाही म्हणून लिहायला मला बसवलंत. त्या लांबट, सापासारख्या माशापाशी येऊन मी ‘वाम’ लिहिलं, तेव्हा तुम्ही थांबून मला म्हणालात,

“माय, ही वाम नाही.”

“काऊन?”

“याले जबडाच नाही. गोल तोंड हाय, चिकटून बसाचं. अन् कल्ल्याच्या जागी सात भोकं हायेत, मोजून पाह्य.”

मी लहान असताना धाड गावच्या बाजारातून वाम आणलीत की चुलीपाशी बसून काडीने तिचं तोंड उघडायचात. खालचा जबडा कसा हलतो, कल्ल्यावर झाकण कसं असतं, सगळं मला दाखवायचात. त्या एका माशाच्या आधारावर तुम्ही बोलत होता आणि अगदी बरोबर बोलत होता. पण मला तेव्हा पुस्तकांचा माज चढला होता. “बाबा, तुम्हाले काय समजते त्यातलं,” असं म्हणून मी चिठ्ठी चिकटवली. तुम्ही पुढची बरणी पुसायला घेतलीत.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरणी उजेडात धरली, चिठ्ठी वाचली आणि हसले. प्राचार्यांना बोलावणं गेलं. कोणी लावली ही, असं त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं.

“म्या लावली, साहेब. मले काय समजते त्यातलं.”

माझंच वाक्य होतं ते. मी तिसऱ्या टेबलापाशी उत्तरपत्रिकेत डोकं खुपसून उभी होते, आणि मला सगळ्यात आधी हायसं वाटलं. पुढच्या आठवड्यात तुम्हाला प्रयोगशाळेतून काढून संडास धुवायला लावलं, ते निवृत्त होईपर्यंत. घरी पुन्हा कधी चुलीपाशी बसून माशाचं तोंड उघडून दाखवलं नाहीत.

आता मीच हे शिकवते. कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानी असतात, त्यांतल्या पुढच्या कमानीचा जबडा झाला, मग माशांना चावता आलं. त्यातूनच शार्क, रोहू आणि पुढे कधीतरी तुम्ही-आम्ही. लँप्रे त्याआधीच वेगळा झाला आणि बिनजबड्याचाच राहिला. इथपर्यंत येता येता वर्ग पेंगायला लागतो. म्हणून मी दरवर्षी एक किस्सा सांगते. इथे एक परिचर होता, त्याने लँप्रेला वाम ठरवलं. पोरं खळखळून हसतात.

ही पानं घडी करून बरणीखाली ठेवते आहे, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे ती कुठे पाठवणार. परवाही मी तो किस्सा सांगितला. हसणं थांबल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग त्या परिचराचं काय झालं?”

मी म्हटलं, माहीत नाही.