अप्पांच्या उसातला हिरवा रंग

प्रिय तेन्मोळी,

काही वर्षांपूर्वीची सकाळ. अंगणात सडा टाकून मी कोलमची रांगोळी काढत होते आणि तुझे अप्पा परसातल्या उसाच्या तुऱ्यावर रानगवताचे पराग झटकत होते. पहाटेच ऊस संस्थेतून कागदात जपून आणलेले. मी म्हटलं, "लग्न लावताय, तर वाजंत्री कुठाय?" म्हणाले, "हळू बोल, नवरी लाजेल." त्या बियांतून आलेलं बेट कोइमतूरच्या उन्हात, पाण्याच्या टंचाईतही कोमेजलं नाही, म्हणून त्यांना खात्रीच होती, यात रानगवत उतरलंय.

गेल्या मंगळवारी डबा घेऊन तुझ्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा तू मीटिंगमध्ये होतीस. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या इळंगोने मला बसवून घेतलं. "अम्मा, वाचनालयातली विज्ञान मासिकं तुम्हीच संपवता म्हणे, मग हे बघा!" रानगवताच्या डीएनएला चमकता हिरवा रंग लावून काचेवर सोडला की तो आपल्याच जातीच्या गुणसूत्रांना जाऊन चिकटतो, एवढं मी वाचलं होतं. एका खऱ्या संकराच्या पेशीत उसाच्या लाल काड्यांमध्ये रानगवताच्या हिरव्या काड्या उजळल्या होत्या. फार सुंदर दिसत होतं गं. मग त्याने दुसरी काच लावली. सगळ्या लाल. "हे रोप तेन्मोळी पुन्हा पुन्हा तपासतेय. निव्वळ ऊस आहे, तुऱ्याला स्वतःचेच पराग लागलेत. पण बाई ऐकेल तर ना!" रोप कोणाचं, ते त्याला माहीत नव्हतं; मी ओळखलं. मी डबा ठेवून निघाले.

बसमध्ये दवाखाना आठवला. शेवटच्या आठवड्यात तू अप्पांच्या कानाशी म्हणाली होतीस, "अप्पा, हिरवं दिसलं." त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघ, सांगत होतो ना! आणि कितीतरी दिवसांनी घोटभर कॉफी मागितली.

पोरी, त्यांना सांगितलंस ते खरं ठरावं म्हणून तू त्या काचा तपासत बसतेस. ते सुखाने गेले, तुझ्यामुळे गेले. मला राग नाही. आता तो शोध थांबव आणि नीट झोपत जा. तोंडावर बोलले असते तर दोघींचंही बोलणं राहून गेलं असतं, म्हणून हे लिहिलं. बुधवारी सकाळी मी कोयता घेऊन अप्पांचं ते बेट तोडलं आणि ऊस गल्लीत वाटला. चांगला गोड निघाला.

तुझीच,
अम्मा