चार तिकिटांवरचा एकच दोष

परममित्र चिमटेराव यांस,

साष्टांग नमस्कार. (शोभेचा नव्हे, खराच. डॉक्टरांनी आठ दिवस पालथं पडून राहायला सांगितलं आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो आपोआप घडतो. पहिला मान तुझा.) तुझी कंबर आणि वहिनींचा गुडघा यांचा काही समेट झाला का? इथे मजकूर माझा आणि अक्षर हिचं आहे. मी उशीत तोंड खुपसून बोलतो, ही पलंगाशेजारी स्टुलावर बसून लिहिते. एखादा शब्द चुकला तर तो उशीचा समज.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी तुला गाढव म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतो आणि स्वतःकडे ठेवतो.

झालं होतं असं की गेल्या महिन्यात जहाजाचं चित्र असलेल्या टपालाच्या जुन्या निळ्या तिकिटावर मला छपाईचा दोष सापडला. चौकटीची उजवी रेघ मध्येच आत वळलेली, जणू कोरणाऱ्याला कुणाचा कोपर लागला. मी हरखलो. दुसऱ्या दिवशी बगळ्याच्या तिकिटावर तोच दोष, त्याच जागी. मग दीपगृहावर. मग एका टकल्या राजावर (त्याचा तर कानच आत ओढला गेला होता). चार देश, चार छापखाने आणि दोष एकच! दुसरा एखादा इथे थबकला असता. मी प्रबंध लिहायला बसलो. चौदा पानं झाली. त्यात मी सिद्ध केलं की हे चारही ठसे एकाच कारागिराने कोरले, बिचाऱ्याचा हात ठरावीक जागी थरथरायचा आणि म्हणून दर वेळी नोकरी जाऊन त्याला नवा देश गाठावा लागायचा. त्याचं नाव मी 'थरथऱ्या' ठेवलं, त्याचं लग्न लावलं, त्याला दोन मुली दिल्या आणि शेवटच्या पानावर त्याला क्षयाने मारलंसुद्धा. (तिथे माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आता कळतं, त्यात थरथऱ्याचा वाटा फारसा नव्हता.)

तिकीट संग्राहकांच्या मंडळात वाचण्याआधी तुझी मान डोलावी, म्हणून प्रबंध आणि चारही तिकिटं तुला पाठवली. तीस वर्षं छापखान्यात फोरमनकी केलेला माणूस तू, पोट धरून हसला असतास तरी चाललं असतं. पण तुझं कार्ड आलं ते असं: 'दोष एकदाच दिसला तर शाईचा शिंतोडा. त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसला तर छपाईची प्लेट तपासायची. या चार तिकिटांना सामाईक प्लेट एकच आहे, ती म्हणजे तुझा उजवा डोळा. भिंग डाव्या डोळ्याला लाव आणि डॉक्टरकडे जा.'

मी चडफडत भिंग डाव्या डोळ्याला लावलं. (घरातल्या संग्रहात आणखी एक बगळा होता.) रेघ फूटपट्टीसारखी सरळ! थरथऱ्या, त्याची बायको आणि दोन मुली एका क्षणात नाहीशा झाल्या. खरं सांगतो, मला इतकं वाईट वाटलं की डॉक्टरकडे जायचं सुचायला संध्याकाळ झाली.

डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुटायला लागला होता. आणखी चार दिवस गेले असते तर डोळा गेलाच होता, असं डॉक्टर म्हणाले. कुणी पाठवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एका फोरमनने. लगेच ऑपरेशन करून त्यांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला; तो पडद्याला दाबून धरावा, म्हणून हे पालथं पडणं.

चेष्टा पुरे. दिवसातून चार वेळा थेंबांपुरतं मला उताणं करून ही वाकते आणि मला उजव्या डोळ्याने हिचा चेहरा दिसतो. अजून धुरकट आहे, पण नाक, कपाळ सगळं ज्याच्या त्याच्या जागी. तो चेहरा मला तुझ्यामुळे दिसतो आहे, आणि हे ऋण माझ्याकडून फिटणार नाही, मला फेडायचंही नाही. घरात चार माणसं, पण कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. हिला तर पत्ताच नव्हता. (ही हसते आहे. लेखनिकाने हसू नये.)

तुझा जन्माचा ऋणी,
पालथा

ता. क. : चारही तिकिटं परत पाठव. प्रबंध जाळून टाक. नववं पान मात्र ठेव, ते बरं जमलं आहे.

ता. क. दुसरा : भावजी, हे आता घोरताहेत, म्हणून एवढं माझ्या मनाचं लिहिते. यांनी सांगितलेला एकही शब्द मी गाळलेला नाही, मला पत्ता नव्हता हासुद्धा. प्रबंधाच्या पाकिटात मी जी चिठ्ठी घातली होती, 'हे चहा कपाच्या बाहेर ओततात, दाराला खांदा आपटतात, डोळे दाखवा म्हटलं की अंगावर येतात' म्हणून, ती कृपा करून यांच्यासमोर कधी काढू नका. मी आठ दिवस घसा कोरडा केला. तुम्ही तेच प्लेटवर ढकलून लिहिलंत आणि हे मुकाट्याने चपला शोधायला लागले. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

पण आता डाव्या डोळ्याचा पडदाही विरत चालला आहे. मंगळवारी लेसर करून घ्यायला सांगितलं आहे, आणि हे म्हणतात, भिंगाला एकच डोळा पुरतो. मला भीती वाटते, भावजी. मंगळवारच्या आत पोचेल असं एक कार्ड टाका. खोटं असलं तरी चालेल, पण तिकिटांच्या भाषेत लिहा.