अठरा मुलं, पाच वाक्यं

१ जुलै, मंगळवार
कडावच्या पुढच्या वाडीवरची शाळा पाहून आले. तिसरी-चौथी एकत्र, मुलं अठरा. पूर्ण वाक्य एकालाही लिहिता येत नाही. ‘रविवारी काय केलंत?’ असं विचारलं, तर अठरापैकी सतरा वह्यांत एकच शब्द: शेत. अठरावी वही कोरी. संताप. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तहान लागली तरी सिस्टरना पूर्ण वाक्यात सांगितल्याशिवाय पाणी मिळत नसे.
हर्षद गुरुजींना तिथल्या तिथे सांगितलं. मंगळवार-गुरुवार एक तास मला द्या, महिन्याभरात प्रत्येक मूल स्वतःच्या मनाने पाच वाक्यं लिहील. गुरुजी म्हणाले, सात ऑगस्टला केंद्रप्रमुख वनिता मॅडम शाळा बघायला येतायत. जमलं तर तास वर्षभर तुमचा. नाही जमलं तर काय, ते बोलले नाहीत. प्रश्नच येत नाही. कर्जत तालुका झाला की खालापूर घेईन.
संकल्प: आवाज चढवायचा नाही.

३ जुलै, गुरुवार
मुलं ‘बाई’ म्हणतात. ‘मिस’ म्हणायला शिकवण्यात वीस मिनिटं गेली. मग फळ्यावर लिहिलं: गाय दूध देते. चौथीतला देवेश, अतिशय वाचाळ, उठून म्हणतो, मिस, आमची भाकड हाय. दुसरा म्हणतो, आमच्याकडं म्हस देते, गाय नाय देत. उरलेला तास वाडीतल्या गुरांची शिरगणती. मी शांतपणे म्हटलं की अक्कल वाटत होते तेव्हा तुम्ही सगळे झोपला होतात. हसले. विनोदातून शिक्षण. परदेशात यावर पुस्तकं लिहितात.
कोरी वही हर्षलाची. तिसरीतली. आजही कोरीच.

८ जुलै, मंगळवार
देवेशला जवळ बसवून समजावलं की तुझ्यापेक्षा कोंबडी बरं लिहील. खिचडी शिजवणारी येसूबाई हातात डाव घेऊन दारात आली आणि म्हणाली, कुनाला इंचू चावला काय गं पोरीनो? आवाज चढलेला नव्हता. त्या शाळेचे पत्रेच तसे आहेत, सगळं घुमतं.

१० जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा. मुलांनी गुरुजींना फुलं दिली. येसूबाईलाही दिली. मला देवेशने एक पेन दिलं. ते माझंच होतं.

१५ जुलै, मंगळवार
लावणी. वर्गात सात मुलं. त्या सातांतले तीन चिखलाने माखलेले, म्हणजे तेही अर्धे शेतातच. कर्जतहून शेअर रिक्षात हाडं खिळखिळी करून मी यायचं, आणि हे भोपळ्यासारखे बसणार! तसं बोलून दाखवलं. एवढं पूर्ण वाक्य त्यांनी आयुष्यात ऐकलं नसेल. तोंड उघडं टाकून ऐकत होते. कानावर चांगली भाषा पडली पाहिजे, हेच तर माझं म्हणणं आहे.

२२ जुलै, मंगळवार
हर्षलाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवून गेले. अख्खा तास तिच्यापुढे उभी राहिले. गाय दूध देते, एवढं लिही. तीन शब्द! पेन्सिल हातात घट्ट, मान खाली, एक अक्षर नाही. येसूबाई मध्ये पडली. म्हणाली, आवो मिसबाई, त्यांची गाय गेली जूनमदी. सर्प चावला. पोर तिच्याजवळच व्हती. ती कशाला लिवंल?
मग आधी सांगायचं ना! मी लगेच मार्ग काढला. गाय गेली तर ‘गाय दूध देत होती’ असं लिही, भूतकाळ वापर, तो कशासाठी असतो? तरी लिहिलं नाही. उलट डोळे भरले. इतक्या तयारीने अडचण सोडवून दिल्यावर रडायचं काय कारण? येसूबाई माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मीच तो सर्प.

२४ जुलै, गुरुवार
जेवताना अण्णांनी विचारलं, तू तिथे मुलांशी आपल्या घरातल्यासारखं तर बोलत नाहीस ना? चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याने विचारायचा प्रश्न आहे हा? उत्तर दिलं नाही. उद्याच्या आमटीत मीठही देणार नाही.

३१ जुलै, गुरुवार
यश! मुलं कोपऱ्याकोपऱ्यात बसून आपणहून लिहितायत, एकमेकांना दाखवतायत, खिदळतायत. मी गेले की वही पाठीमागे. देवेश म्हणाला, मिस, आता नाय बगायचं, मॅडम आल्यावर बगा. हर्षलासुद्धा काहीतरी लिहीत होती. भूतकाळ उपयोगी पडला म्हणायचा. घरी येऊन आभाराचं भाषण लिहिलं. नम्र आहे. साडेतीन पानं.

७ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी ४
वनिता मॅडमनी स्वतः मोठ्याने वाचलं. देवेश: ‘अक्कल वाटत होते तेव्हा आम्ही सगळे झोपलो होतो. कोंबडी माझ्यापेक्षा बरं लिहील.’ पुढची वही: ‘मिस रिक्षातून येतात. मिसची हाडं खिळखिळी आहेत. आम्ही भोपळे आहोत.’ सतरा वह्या, प्रत्येकीत पाच वाक्यं. कर्ता आहे, क्रियापद आहे, पूर्णविराम आहे. माझा शब्द मी पाळला आहे. पण मॅडम रुमालाने डोळे पुसत होत्या, गुरुजी खिडकीबाहेर बघत होते, आणि असं कोण बोलतं रे, म्हणून मॅडमनी विचारल्यावर सगळी बोटं माझ्याकडे. भाषणाचा विषय कुणी काढला नाही.
मग हर्षलाची वही. एकच वाक्य. ‘आमची गाय मेली तेव्हा मी रडले आणि मिस म्हणाल्या भूतकाळ वापर.’
मॅडमनी ते मोठ्याने वाचलं नाही. वही माझ्या हातात दिली. कुणी हसलं नाही.
वाक्य निर्दोष होतं. याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून इथे घेते.

८ ऑगस्ट, शुक्रवार
गुरुजींचा फोन. तास आता ते स्वतः घेणार, मुलांना लिहायची गोडी लागलीय म्हणे. कुणामुळे लागली? मला विश्रांती घ्या म्हणाले. आणि अगदीच यायचं असेल तर येसूबाईचे गुडघे दुखतायत, वाढायला हात हवाय. माझ्यासारख्या बाईला! फोन ठेवून दिला. पुन्हा त्या शाळेचं तोंड बघणार नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
गेले. मंगळवारची रिक्षा ठरलेली असते, रिक्षावाल्याला उगाच कशाला नाराज करा? येसूबाईने डाव हातात दिला. रांगेत ताटली धरून हर्षला आली. माझ्याकडे सरळ बघून, अगदी स्पष्ट म्हणाली, मिस, मला अजून थोडी खिचडी वाढा आणि ओरडू नका.
मी ओरडत नव्हतेच.
वाढली.