पायाशी गडद, पुढे फिकट

मास्तर,

आज शुक्रवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी बिबवेवाडीतल्या आमच्या फोटो लॅबच्या मागच्या भिंतीपाशी उन्हात एकटाच उभा होतो, हात मांडीला टेकवून, श्वास रोखून. समोर स्टँडवर कॅमेरा होता आणि टायमरचा दिवा लुकलुकत होता. तुम्ही गेल्यावर तुमचा स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मी इथे लागलो. कॉम्प्युटरचा क्लास केला आहे, असं साहेबांना खोटंच सांगून लागलो. नाहीतर दहावी नापासाला कोण घेणार होतं?

परवा एक आजी आल्या. मुलाच्या लग्नातला फोटो घेऊन. अंगणात सगळे ओळीने उभे. आजींचे यजमान या लग्नाआधीच गेलेले. त्यांना त्या ओळीत उभं करून हवं होतं, रविवारी वर्षश्राद्धाला लावायला. त्यांचा उभा फोटो एकच, खडकवासल्याच्या धरणावरचा, ढगाळ दिवसाचा. मी माणूस नीट कापला, ओळीत ठेवला आणि कॉम्प्युटरमधली तयार सावली एका बटणात दिली. काल आजी फोटो पाहून म्हणाल्या, "लेकरा, आमचं धनी हवेत हायेत की रं!"

साहेब शेजारीच होते. "वा! क्लासमध्ये माणसं उडवायला शिकवतात वाटतं? उद्या पाचपर्यंत यांना जमिनीवर उतरवा, नाहीतर सोमवारपासून आपण घरीच बसा."

 आणि मग मंडई आठवली. तुमच्या स्टुडिओत एका नवरीच्या फोटोवर, तिच्या खुर्चीखाली, मी ब्रशने एकसारखा काळा रंग भरला आहे. तुम्ही ओरडत नाही, ब्रश पाण्यात ठेवता आणि मला उतरत्या उन्हात मंडईत नेता. वांग्यांच्या पाटीपाशी उकिडवे बसता. "बघ. टेकलंय तिथे गडद. पुढे फिकट होत जाते, कडा विरते. आडवी भिंत आली की वर चढते. सावली म्हणजे काय डांबर आहे, एकसारखं ओतायला?" भाजीवाली म्हणते, "मास्तर, वांगी घेताय की नुसतीच सावली नेताय?" तुम्ही अर्धा किलो घेता आणि माझ्या पिशवीत टाकता.

लग्नाच्या फोटोत सगळ्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर गुडघाभर चढल्या होत्या. म्हणून आज ऊन तेवढं कलेपर्यंत थांबलो आणि भिंतीपासून तितक्याच अंतरावर, त्यांच्या जागी म्हणून, उभा राहिलो. माझी सावली कापून त्यांच्या पायाशी जोडली. चपलांपाशी गडद केली, पुढे विरवली, खालची फरशी तिच्यातून दिसेल इतपत. पाचला तीन मिनिटं कमी असताना प्रिंट बाहेर आली.

आजींनी प्रिंट डोळ्यांजवळ धरली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "टेकलं बघ पाय." मग भिंतीवरच्या सावलीवर बोट ठेवलं. "पर ही त्यांची न्हाय. त्यांचा डावा खांदा पडलेला हाय."

 साहेब बघत होते.

"आजी, ती माझी आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असू दे. त्यांच्यासाठी उन्हात उभा ऱ्हायलास, लई झालं." आणि फोटो पदराखाली घेऊन गेल्या.

साहेबांनी जादा निघालेली प्रिंट उजेडात धरली. या वेळी आवाजात टोमणा नव्हता. "हे क्लासमध्ये शिकवलं?"

आजींना खरं सांगायला मला क्षणही लागला नव्हता. साहेबांपुढे तुमचं नाव ओठावर आलं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहू शकतो: मास्तर, मी "हो" म्हणालो.