पेजवरच्या दोन पिशव्या

५ मे, सोमवार
कालच्या वादळात लाइट गेली. यूपीएसने दोन मिनिटंही तग धरला नाही. सर्व्हर पडला, लाइट आल्यावर आपोआप उठला. सकाळी स्क्रीनवर पाहिलं तर ॲपच्या नावासमोर हिरवा दिवा. रक्तपेढीचं पेज मोबाइलवर उघडलं, कोणत्या गटाच्या किती पिशव्या, सगळं जागच्या जागी. रविवारी धावत यावं लागलं नाही. स्वतःचीच पाठ थोपटली.

६ मे, मंगळवार
चारला रक्तपेढीतून ढोकेभाऊंचा फोन.
"एटापल्लीकडची गाडी आली ना भाऊ. बाळंतीण आहे, रक्त थांबून नाई राह्यलं. ओ निगेटिव्ह मांगते. आपल्याकडं त एक बी नाई."
पेजवर दोन दिसत होत्या.
"त्या त कालच गेल्या. एन्ट्री सेव्ह नाई झाली. नेट गेलं असंल म्हणून वहीत लिवली."
इथे नेट रोजच जातं. कोण कशाला कळवतो?
गाडी तशीच चंद्रपूरला पाठवली. मग सर्व्हर उघडला. आकडे साठवणारा डेटाबेस रविवारपासून बंद. ॲप एकटंच उठलंय आणि जुने आकडे दाखवतंय. डिस्क भरली होती. जागा केली, सुरू केला. दहा मिनिटांचं काम.

७ मे
बाई वाटेतच, मूल गावाच्या अलीकडे गेली. रैनी नाव. बाळ आहे.
गाडी आष्टीच्या फाट्यावरूनच सरळ चंद्रपूरला वळली असती तर... तिथे पिशवी होती. आमच्या पेजवर दोन दिसल्या म्हणून गाडी गडचिरोलीला आली.

९ मे
जेवण जात नाही.
ॲप सुरू करणाऱ्या सर्व्हिस फाइलमध्ये एक ओळ हवी होती: डेटाबेस नसेल तर उठू नकोस. मी फक्त क्रम लिहिलाय, आधी हा, मग तो. अट घातलीच नाही. वर, डेटाबेस सापडला नाही तर शेवटचे आकडे दाखव, ही अक्कल माझीच. कोरं पान दिसलं की सगळ्या दवाखान्यांतून फोन यायचे, मी वैतागायचो. फोन बंद झाले तेव्हा केवढा खूश होतो. पानावर तारीख मात्र रोज आजची.
शरम वाटते. त्याहून जास्त भीती वाटते, हे इथे तरी खरं लिहितो.

१३ मे
चौकशी झाली. ठपका एटापल्लीकडच्या दवाखान्यातल्या कमल सिस्टरवर. गाडी तिनेच पाठवली होती. "निघण्याआधी फोन करून खात्री केली नाही." तिला घरी बसवलंय, पुढचं नंतर ठरेल म्हणे.
पेजच्या ट्रेनिंगमध्ये मीच म्हणालो होतो, "फोन कायले करता सिस्टर? पेज पाहा ना." सगळ्या हसल्या होत्या.
रक्तपेढीचे डॉक्टर साहेब मला म्हणाले, "तुम्ही दोन ओळी लिहून द्या. नेटची अडचण होती. संपलं."
मी हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

१६ मे
लॉग, म्हणजे सर्व्हरने कधी काय केलं त्याच्या नोंदी, पंधरा दिवसांनी आपोआप पुसले जातात. हेही मीच लावलेलं. ४ तारखेचे सोमवारी जातील. मी काहीच करायला नको, नुसतं बसून राहायचं.
दुपारी पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. का, ते अजून ठरलेलं नाही. आता ती ओळ फाइलमध्ये घातली आहे. डेटाबेस बंद करून पाहिला. ॲप उठत नाही. पान कोरं येतं.

१८ मे, रविवार
सिस्टरला फोन केला. रेंज नव्हती, चौथ्यांदा लागला.
"सिस्टर, पेजवरचा आकडा जुना होता. चूक सर्व्हरची. म्हणजे माझी."
तिने एवढंच विचारलं,
"म्हंजे दोनच लिवल्या होत्या ना तिथं? मी बरोबर वाचलं?"
"हो."
"बारा दिवस झाले भाऊ. मले वाटून राह्यलं, मी दुसऱ्याच गटाची ओळ वाचली. घरचे बी म्हणते, डोळे तपासून घे. काल चष्मा बदलून आणला." मग, "तुमाले कधीपासून मालूम होतं?"
"त्याच दिवशी संध्याकाळी."
तिने फोन ठेवला.
साहेबांनी उद्या अकराला बोलावलंय. दोन कागद छापून घेतलेत. एकावर नेटची अडचण, दुसऱ्यावर माझी चूक, त्याला लॉग जोडलेत. दोन्ही बॅगेत आहेत.