आईची शाल धुऊ नकोस

ताई,

मी पहिल्या पाळीला जातोय. माझ्या अंगाला खाज सुटायची ती खरूजच निघाली. लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "काका, तुमच्या गोदामातले निम्मे हमाल येऊन गेले. डबा वाटून खाता, तशी हीपण वाटून घेतलीत!"

मलम फडताळात आहे, तूही मानेपासून तळपायापर्यंत लाव. चादरी, कपडे सगळं कढत पाण्यात धू. फक्त आईची शाल धुऊ नकोस, तिचा वास जाईल. मी रोज तीच पांघरतो, म्हणजे शालीतही किडे असणार. पिशवीत घट्ट बांधून आठ दिवस ठेवली की ते मरतात म्हणे. मी बांधली आहे. पिशवी तुझ्या कपाटात ठेव, कुलूप लाव. मी किल्ली मागितली तरी देऊ नकोस.

बाबा